तिच्या आंघोळीची चौकशी

पहिली संधी माझ्या नवऱ्याने एका वाक्यात घालवली. मुलीच्या देखभालीसाठी ज्या फंडाकडे अर्ज केला होता, तिथल्या बाईंचा फोन आला तेव्हा तो ऑफिसात होता. घरी कसं चाललंय, असं त्यांनी विचारलं आणि इतकी वर्षं दुबईत नोकरी केलेला माणूस जे उत्तर देतो तेच त्याने दिलं, "ऑल गुड, अल्हमदुलिल्ला." इथे नोकरी गेलेला माणूससुद्धा लिफ्टमध्ये असंच म्हणतो. बाईंनी मात्र ते लिहून घेतलं. कुटुंबाला मदतीची गरज दिसत नाही, असा मेल आला.

मी भांडून घरी प्रत्यक्ष मुलाखत मिळवली. ही शेवटची, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आमची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. डोकं तल्लख, बोलणं सावकाश आणि जड, हातपाय तिचं ऐकत नाहीत. उचलणं, आंघोळ, बाथरूम, कपडे, सगळ्याला माणूस लागतो. एजन्सी पाठवेल ती बाई आम्ही घेत होतो आणि बाया सारख्या बदलत होत्या. हा फंड पैसे थेट आमच्याकडे देणार होता. बाई निवडायची मुलीने, वेळा ठरवायच्या तिने, पटलं नाही तर काढायचीही तिनेच. आपल्या अंगाला कोण हात लावणार हे आपण ठरवावं, एवढंच तिला हवं होतं.

मी कामाला लागले. रिपोर्ट एका फोल्डरमध्ये, बिलं दुसऱ्यात, राहिलेली कामं फ्रिजवर. शनिवारी अल कुसैस भागातून ओळखीच्या एक बाई आल्या. त्यांना याच फंडातून सासऱ्यांसाठी मदत मिळाली होती, म्हणून मीच सल्ल्याला बोलावलं होतं.

"वहिनी, घर फार टापटीप आहे तुमचं," पोहे खाता खाता त्या म्हणाल्या. "दोन दिवस आवरू नका. टीव्ही आत ठेवा. आणि हिला असे छान कपडे नकोत. जुना गाऊन घाला, केस विंचरू नका. लाळ आली तर पुसू नका."

"लाळ?"

"अहो, बघणाऱ्याला दिसायला नको? मी तर सासऱ्यांचं डायपर मुद्दाम बदललं नव्हतं. ऑफिसर पाच मिनिटांत उठली. खलास, काम झालं!"

त्या हसल्या. मुलगी समोरच बसली होती. मघापासून त्या तिच्याबद्दल बोलत होत्या, पण एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"आँटी," मुलगी म्हणाली, "शुड आय बार्क ऑल्सो?"

"काय म्हणतेय?"

"पोहे पुरे झाले का, विचारतेय," मी म्हणाले आणि त्यांची प्लेट उचलून आत नेली.

त्या सल्ल्याची किळस आलीच. त्याहून जास्त किळस याची, की तो सल्ला चालला होता.

संध्याकाळी सराव केला. नवरा ऑफिसर झाला. आंघोळ कोण घालतं, असं त्याने मुलीला विचारलं आणि मध्येच मी बोलले, "तशी ती बरंच स्वतः करते हं." चार लोकांत मुलांचं कौतुकच सांगायचं, ही सवय इतकी मुरलेली, की जीभ आपोआप तिकडे वळली.

"आई, आय डोन्ट," मुलगी म्हणाली. "यू नो आय डोन्ट." मग म्हणाली, "लास्ट वीक ती बाई व्हिडिओ कॉलवर होती. मला बाथ देताना. फोन बेसिनवर ठेवला होता. अ मॅन वॉज लाफिंग."

त्या वेळी मी भिंतीपलीकडे कणीक मळत होते.

"सांगितलं का नाहीस?"

"तू तिला काढलं असतंस. नेक्स्ट वन इज ऑल्सो एजन्सीज."

मी तिथल्या तिथे एजन्सीला फोन लावला. "मॅडम, टेन्शन मत लो, कल दूसरी भेज देंगे," सुपरवायझर म्हणाला. मिक्सरचं भांडं बदलून द्यावं तसं. मी दुसरी पाठवू नका म्हणून सांगितलं. आता माझी दुखरी पाठ आणि ती मुलाखत, एवढंच उरलं.

मुलाखतीला घर आवरलेलं होतं. टीव्ही जागेवर. मुलीने स्वतः निवडलेला निळा कुर्ता. ऑफिसरबाई प्रश्न मलाच विचारायला लागल्या, मी मुलीकडे बोट केलं. तिने सगळं सांगितलं. बाईंना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मध्ये बोलायचं नाही, अशी मुलीची ताकीद होती. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, एकेक शब्द ओढत, त्या हसणाऱ्या माणसापर्यंत. बाई टाइप करत होत्या. मग त्यांनी विचारलं, "बाथरूमचं दार बंद होतं का?" जणू दार बंद असतं तर चाललं असतं.

मंजुरी आली. मुलगी आता बाया स्वतः बोलावते. दोघींना तिने नाही म्हटलं. तिचा आनंद मला दिसतो. पण आपलं उघडं अंग एका अनोळखी बाईपुढे दोनदा शब्दांत मांडलं तेव्हा कुठे ती पात्र ठरली, याची शिसारी जात नाही.

परवा तिसरी आली. त्या बाईला पाणी हवं होतं. मी सवयीने उठायला लागले, तर मुलीने नजरेनेच बसवलं आणि ग्लास कुठे आहेत ते तिला स्वतः सांगितलं. बाईला पहिल्यांदा कळलं नाही. ती मुलीजवळ गेली, वाकली आणि तिलाच पुन्हा विचारलं.