डाव्या गुडघ्याचं गुपित

संत्रं सोललं की त्या वासासरशी माझा डावा गुडघा ठणकतो. शेंदूरजनाघाटला मुलींच्या कबड्डीचा शेवटचा सामना होता आणि बक्षीस होतं टोपलीभर संत्री. पाणी मारून दाबलेली काळी माती दुपारपर्यंत पायाला चटके देऊ लागली होती. माझी जिवाभावाची मैत्रीण त्या वर्षी मला न सांगताच समोरच्या संघात गेली होती. माझा गुडघा सरकतो हे घरीसुद्धा माहीत नव्हतं, फक्त तिला माहीत होतं. शेवटच्या चढाईला आम्ही सहा गुणांनी मागे होतो, म्हणजे सामना गेलेलाच होता. मी आत शिरले तशी ती ओरडली, "डावा पाय धरा वं तिचा!" आणि तिनंच झेप घालून तो धरला. कळ थेट मस्तकात गेली. दम न तोडता, तिला तशीच ओढत मी मधल्या रेषेकडे सरपटले आणि बोटं रेषेला टेकवली. पंचांनी तिला बाद दिलं. आम्ही हरलो. मग ती बक्षिसातलं एक संत्रं घेऊन आली. "राग आला काय वं? खेळच हाय ना." मी म्हटलं, "गुडघ्याचं तुले मी खेळात नव्हतं सांगतलं." संत्रं घेतलं नाही. आता जिना चढताना कठड्याला धरावं लागतं, पण त्या दिवशी बाद ती झाली होती, मी नाही.