नाक्यापर्यंत गेलेच नाही

अक्षर वाकडंतिकडं आहे, लिहिताना चुकाही होतील. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्या. हे आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

किहीमला कॉटेजच्या बुकिंगचं ऑफिस आहे. तिथे मी झाडलोट करते, चहा करते. कम्प्युटरचं काम महेश बघायचा, रेवदंड्याचा. मुंबईच्या एजंटांचे कम्प्युटर आमच्या कम्प्युटरला विचारतात, बुकिंग कुठे पाठवू? आमचा त्यांना एक पत्ता देतो. महेशने मला समजावलं होतं — मला, झाडूवालीला — की तो पत्ता आतल्या मशीनचा राहिला तर ऑफिसात बसून उघडतो, बाहेरच्याला उघडत नाही. एका संध्याकाळी त्याने पत्ता बदलला आणि आमचा कम्प्युटर आता कुठला पत्ता देतोय तो माझ्या फोनवर पाठवला. "मावशी, नाक्यापर्यंत जा. ऑफिसचं वायफाय सुटलं की दाबून बघा."

नाक्यावर रिक्षावाले बसतात. त्यांच्यासमोर उभी राहून फोन दाबत बसू? लाज वाटली. मी मागच्या विहिरीपाशीच थांबले. तिथे ऑफिसचं वायफाय येतं हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. दाबलं, उघडलं. आत येऊन म्हटलं, "हो, उघडलं." महेश हसला — आता तुम्हीच इंजिनीयर, म्हणाला.

शनिवारी एकही बुकिंग आलं नाही. आमचा कम्प्युटर अजून आतल्या मशीनचाच पत्ता देत होता. साहेब तापले. महेशने सांगितलं, मावशींनी बाहेर जाऊन बघितलंय. सगळे माझ्याकडे वळले.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणता येईल. पण त्यानंतर — मी म्हटलं, "मला कुनी काय सांगलं न्हाय, साहेब."

महेशने माझ्याकडे बघत फोन खिशात टाकला.  त्याच दिवशी त्याला काढलं, महिन्याचा पगारही अडकवला.

मग दर पगाराला मी रेवदंड्याला जायची, तो अडकलेला पगार भरून निघेपर्यंत त्याच्या आईच्या हातावर थोडे थोडे पैसे ठेवायची. कुणाचे, तिने विचारलं. साहेबांनी पाठवलेत, म्हटलं. तिथेही खोटंच. ती सुकटीची पुडी बांधून द्यायची. मी घ्यायची — घरी भाजून खायचीसुद्धा.

परवा शेवटचे दिले. ती म्हणाली, "साहेब तुझा देवमाणूस हाय गो."

मी मान हलवली. पैसे पुरे फिटले.