काकूंनी परत मागितलेलं फडकं

भूममध्ये जुन्या ट्रकचं इंजिन म्हटलं की गुरुलिंग मिस्त्रींचं नाव निघतं. ईट गावच्या बब्रुवान अण्णांचा ट्रक त्यांच्याच हाताखालचा. यंदा त्याचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, तडकून ऑइल गळायला लागलं आणि हवा गाळणारा एअर क्लीनरचा डबाही गंजला. दोन्ही बदलायला मिस्त्री अण्णांच्या दारात गेले.

डबा काढला की इंजिनाकडं जाणारा हवेचा पाईप उघडा पडतो. वारं सुटलं होतं, अंगणात कडब्याचा भुसा उडत होता. मिस्त्रींनी फडकं मागितलं. अण्णांच्या बायकोनं, सारजाबाईंनी, जुन्या लुगड्याचा हिरव्या काठाचा तुकडा दिला. पाईपच्या तोंडात त्याचा बोळा कोंबून मिस्त्री कामाला लागले. आधी झाकण बसवलं, पॅकिंग नीट दाबलं, मग नवा डबा चढवला. ट्रक जागेवर सुरू करून पाहिला. आवाज स्वच्छ होता. सारजाबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कडबा भरून बार्शीला निघालेला ट्रक पहिल्याच चढाला थांबला. अण्णांचा फोन आला तेव्हा गॅरेजात चार गिऱ्हाइकं बसली होती. मिस्त्रींचे हात ग्रीसचे, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मिस्त्री, काळा धूर मारतीय. वढतच न्हाय."

"क्लच जाळला तुम्ही, अण्णा. पाय क्लचवर ठिवून चालवता. काल माझ्या हातातनं गाडी चांगली गेलीय."

"धूर काळा हाय म्हणतो मी."

"वय झालं आता. रणधीरला द्या की स्टेअरिंग."

गिऱ्हाइकं हसली. तिकडं केबिनमध्ये शेजारी बसलेल्या रणधीरनंही ते ऐकलं. बापानं ट्रक सोडावा म्हणून तो वर्षभर घरात बोलत होता. आता त्याला मिस्त्रीचा शब्द मिळाला. माल दुसऱ्या गाडीत गेला, ट्रक ट्रॅक्टरला बांधून घरी आला आणि चावी रणधीरच्या खिशात गेली.

मिस्त्री क्लच प्लेट घेऊन ईटला पोहोचले. अण्णा ओट्यावर बसून होते. त्यांनी रामराम घेतला, पण जागचे उठले नाहीत. मिस्त्री गाडीखाली शिरणार तोच सारजाबाई चहा घेऊन आल्या.

"मिस्त्री, माझं फडकं दिलं न्हाय तुम्ही. तव्याला लागतंय मला."

मिस्त्रींचा हात कपाकडं जाता जाता थांबला. काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा कमी. हे ते गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचे.

त्यांनी पान्ह्यानं पाईपची क्लिप सैल केली. बोळा आत खेचला जाऊन घट्ट बसला होता. पक्कडीनं ओढला तेव्हा काळा पडलेला तुकडा बाहेर आला, एका कडेला हिरवा काठ. जागेवर इंजिन चाललं, कारण तेव्हा हवा कमी लागत होती. चढाला इंजिनानं हवा जोरात ओढली आणि फडकं आडवं आलं.

रणधीर बैलांपाशी होता, त्याला काही दिसलं नव्हतं. सारजाबाईंना दिसलं होतं. त्यांनी चहाचा कप ओट्यावर ठेवला. फडकं खिशात घालून नवी क्लच प्लेट बसवता आली असती. मिस्त्रींच्या मनात तसं येऊनही गेलं.

"रणधीर, इकडं ये," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला. "चावी अण्णांस्नी दे. क्लचला काय झालं न्हाय. फडकं मीच आत विसरलो."

रणधीरनं फडक्याकडं पाहिलं, मग बापाकडं. चावी त्यानं ओट्याच्या कडेला ठेवली.

मिस्त्रींनी पाईपची क्लिप पुन्हा आवळली. अण्णा उठले, चावी घेऊन केबिनमध्ये चढले. ट्रक सुरू झाला, धूर काळा नव्हता. खिडकीतून डोकं काढून ते म्हणाले, "मिस्त्री, माझ्या पायाकडं बघा बरं एकदा. कुठं हाय त्यो?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "खाली हाय, अण्णा. क्लचवर न्हाय."

"मग गॅरेजात सांगा तसं. स्पीकरवर."

ट्रक फाटकाबाहेर गेला. मिस्त्री फडकं हातात धरून उभे होते. सारजाबाईंनी हात पुढं केला.

"द्या हिकडं."

"नवं आणून देतो, काकू."

"नवं कशाला? धुतलं की निघंल," असं म्हणत त्यांनी ते हातातून काढून घेतलं. "च्या निवला तुमचा."