गुलाबरावांची मान आणि लाल चेंडू

सांगलीहून निघताना लांबचा चष्मा पर्समध्ये आहे ना, हे मी दोनदा तपासलं. ठाण्याला राहणारा माझा आतेभाऊ अरुणदादा जादूचे प्रयोग करतो आणि लहानपणापासून मला चिडवत आलाय, "हेमे, माझी हातचलाखी पकडून दाखव." पन्नास वर्षांत एकदाही जमलं नाही. या वेळी चष्म्याचा नंबर नवा होता, त्यामुळे मी जोरात होते.

ठाण्याला सकाळी उतरले. रिक्षावाल्याला नौपाडा म्हटलं तर तो हसला. "काकू, एवढ्यासाठी रिक्षा कशाला? चालत जा, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं बॅग ओढत वीस झाली. घामाघूम होऊन दार वाजवलं, तर आतून घोगरा आवाज आला, "आल्या का सांगलीच्या फौजदारीणबाई?"

दारात सुनंदावहिनी उभ्या होत्या आणि त्यांच्या कडेवर फेटेवाले गुलाबराव. हा त्यांचा बोलका बाहुला. वहिनी शब्दभ्रम करतात (ओठ न हलवता बाहुल्याच्या तोंडून बोलायचं). अरुणदादा जादू करणार आणि गुलाबराव त्याच्या चहाड्या सांगणार, असा या नवराबायकोचा तीस वर्षांचा खेळ आहे.

नाश्त्याला कोपऱ्यावरची मिसळ होती. तिखटाच्या बाबतीत आम्ही सांगलीकर कुणाला सहजासहजी मानत नाही, पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, हे कबूल करते. अरुणदादा डाव्या हाताने खात होता.

स्वयंपाकघरात वहिनींनीच सांगितलं. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन गेला. उजवा हात परत आला, पण बोटं उशिरा ऐकतात. आज दुपारी दिवा स्टेशनजवळच्या महिला मंडळात कार्यक्रम, आजारपणानंतरचा पहिलाच. "म्हणालेत, आज चेंडू हातातून सुटला आणि लोकांनी पाहिलं, तर पेटी माळ्यावर टाकीन. कायमची." वहिनी सिंककडे तोंड करून बोलत होत्या. मला माझ्या चष्म्याची लाज वाटली.

गाडी ठरवली होती. आधी विठ्ठलवाडीला गेलो, कारण गुलाबरावांचा नवा कोट तिथल्या शिंप्याकडे होता. शिंपी भलता गंभीर माणूस. त्याने गुलाबरावांना कोट घालून पाहिला आणि भुवया उंचावल्या. "बटण लागत नाही. मागच्या वेळेपेक्षा अंग भरलंय यांचं."

"नवीन कापूस भरलाय," वहिनी म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं ना. माप परत घेतलं असतं." शिलाई उसवून कोट सैल करेपर्यंत आम्ही तीन चहा प्यायलो.

दिव्याला पोचेपर्यंत दुपारचे साडेतीन झाले. इमारती इतक्या जवळजवळ की समोरच्या खिडकीतून मीठ मागता यावं. प्रत्येक दारापुढे निळं पिंप. दोन इमारतींमधल्या जागेत मांडव घातला होता आणि खुर्च्यांवर चाळीसेक बायका. मी पुढच्या रांगेत बसले आणि ठरवलं, आज फक्त अरुणदादाचा उजवा हात बघायचा. पकडायला नव्हे, काळजीपोटी.

ठरवून उपयोग झाला नाही. अरुणदादाने हातातला लाल चेंडू गायब केला, तसे गुलाबराव ओरडले, "डाव्या खिशात लपवला!" आणि मान वळवून खिशाकडे टक लावून बसले. सगळ्यांबरोबर मीही खिशाकडेच बघितलं. तेवढ्यात चेंडू त्यांच्याच फेट्यातून निघाला. इतकी वर्षं मी कशी फसले, ते मला त्या क्षणी कळलं. मागून एक बाई म्हणाली, "काका, चेंडू काय गायब करताय? नळाला पाणी आणून दाखवा."

"ते जमलं असतं तर नगरसेवक नसतो का झालो?" गुलाबराव म्हणाले.

हशा संपायच्या आत गल्लीतून हाक आली, "टँकर आला रे!" मिनिटभरात मांडव रिकामा झाला. अरुणदादा चेंडू हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "उठलेला प्रेक्षक परत येत नाही, सुनंदा," आणि पेटी उघडून सामान आत ठेवायला लागला.

कोपऱ्यात एक म्हातारी बसून होती. "अहो, आवरताय काय? नंबर लावून गेल्यात त्या." तिने बोट दाखवलं तेव्हा आमचं लक्ष गेलं. प्रत्येक खुर्चीवर काहीतरी होतं. एक चप्पल, रुमाल, पिशवी, कुणाचा कंगवा. पाण्याच्या रांगेत कळशी ठेवून जागा धरतात, तशी प्रत्येकीने आपली जागा धरली होती.

अर्ध्या तासाने त्या आल्या, पदर ओले, आणि आपापली चप्पल उचलून बसल्या. "हां काका, कुठपर्यंत आलेलो आपण?"

अरुणदादाने चेंडू उजव्या हातात घेतला. या वेळी मी खरंच हाताकडे बघत होते. बोटं उशिरा मिटली. चेंडू सुटला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला.

"अगं बाई, टँकर परत आला!" गुलाबराव किंचाळले आणि मान गर्रकन गल्लीकडे वळवली. चाळीस माना तिकडे वळल्या. मी वाकले, चेंडू पर्समध्ये टाकला आणि मीही गल्लीकडे बघत बसले. अरुणदादाने खिशातून दुसरा चेंडू काढला. पुढचा अर्धा तास बायका पोट धरून हसल्या.

परतताना गाडीत त्याने हळूच विचारलं, "हेमे, दिसलं का काही?"

"काय दिसणार? मी मेली त्या गुलाबरावाकडेच बघत बसले."

तो वहिनींना म्हणाला, "पुढच्या वेळी कोटाचं माप आधीच देऊ."

काल त्याचा फोन आला. पेटी दिवाणाखालीच आहे, डोंबिवलीला कार्यक्रम ठरलाय. "फक्त एक चेंडू हरवलाय गं. कुठे गेला, काही केल्या कळत नाही."

"शोध की," मी म्हटलं. फोन माझ्या उजव्या हातात होता आणि चेंडू डाव्यात.