आक्का काय म्हणाली हुती

कबुलीजबाब म्हटल्यावर तुमी जरा म्होरं सरकून बसला असाल. पोरीचं लफडं असंल, न्हाईतर कुणाचा तरी ऊस पेटवला असंल — व्हय ना? तसलं काय न्हाई. ह्यात जागतिक व्यापार हाय, आंतरराष्ट्रीय संस्था हाय आणि विकास हाय. उठून जायचं असलं तर आत्ताच जावा. कारण म्होरं जे सांगणार हाय ते मी अजून कुणालाच सांगिटलेलं न्हाई. आईला न्हाई, दोस्तांना न्हाई. ज्या कट्ट्यावर मी वाट्टेल ते बरळतो, तितं पण न्हाई.

माझी वळख नकलांची. सरपंच, हेडमास्तर, एसटीतला कंडक्टर — एकदा ऐकला की आवाज गळ्यात बसतो. पण आताशा लोक एकच नक्कल मागत्यात. 'मॅडम कर रं.' मॅडम म्हंजे जगभर काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेची बाई, आमच्या गावात बेदाणा बघायला आल्याली. मी गॉगल डोक्यावर चढवतो, मान वाकडी करतो आणि बांधावरच्या बाभळीला पण 'वंडरफुल' म्हणतो. गणपतीच्या मांडवात लोक हसून हसून लोळत्यात. मग शेवटाला मी गंभीर तोंड करून सांगतो — ही माणसं विमानानं येत्यात, पण ऐकत कुणाचंच न्हाईत. टाळ्या.

आणि राग येण्यासारखं हाय पण. श्रीमंत देशांनी एका टेबलावर बसून नियम करायचे — द्राक्षावर औषधाचा एवढाच अंश चालंल, अशीच तपासणी, तसलंच लेबल. आणि दुसऱ्या टेबलावरनं गरिबाला विकास पाठवून द्यायचा. ह्या टेबलाचं त्या टेबलाला ठावं न्हाई. आमच्या सांगलीच्या पूर्व भागात, जितं प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तितल्या बायकांनी बागा जगवायच्या. आणि माल परदेशी पाठवायचा म्हटला की दार कुठल्या बाजूला हाय, तेच कुणी सांगायचं न्हाई. संताप येतो का न्हाई? मला येतो. लय येतो. म्हणून तर टाळ्या मिळत्यात.

पण थांबा — मी अजून मुद्द्यावर आलोच न्हाई.

आक्का म्हंजे माझी आत्या. बायकांचा बेदाण्याचा गट तिनंच उभा केला. आमच्याकडं बेदाणा सावलीत वाळतो, जाळ्यांच्या शेडमदी, वाऱ्यावर. तवा कुठं तो हिरवा ऱ्हातो, आणि सौद्याला भाव हिरव्यालाच. संस्थेनं दिला सोलर ड्रायर. प्लॅस्टिकचा लांबडा तंबू, आत उन्हाची भट्टी. पयल्याच हंगामात बेदाणा काळा पडला. मग बायकांनी त्या तंबूचं काय करावं? मिरच्या वाळवल्या. सांडगे घातले, शेवया घातल्या. मांजरीनं पिल्लं पण तितंच दिली.

मॅडम यायच्या आदल्या दिवशी सगळं झाडून काढलं. पिल्लं टोपलीत घालून आमच्या घरी आणली. मला संस्थेच्या सांगलीच्या हापिसानं दुभाष्या म्हणून धरलं हुतं. कॉलेजात माझं इंग्रजी बरं हुतं, त्यात आवाजाची देणगी. हापिसातला साहेब कानात म्हणाला, 'चांगलं चांगलं बोल. मॅडम खूश झाल्या तर तुझं पण हितं बघू.' हे मी कारण म्हणून सांगत न्हाई. असं झालं, एवढंच.

मॅडम तंबूत शिरली आणि शिंकायलाच लागली. मिरचीचा खकाणा. वास कसला म्हणून इचारलं, तर मी सांगिटलं — हितल्या मातीचा. ती 'वंडरफुल' म्हणाली आणि डोळं पुसलं. बायका पदराआड हसल्या. मला वाटलं, जमतंय की गड्या. पयलं खोटं असं हसत हसत गेलं. तितंच जीभ चावली असती तर?

मग कॅमेरा लावला. आता ऐका — ह्यो भाग मी नकलंत कवाच घेत न्हाई. मॅडमसाठी खुर्ची ठेवली हुती. तिनं ती बाजूला सारली आणि आक्काच्या म्होरं भुईवर मांडी घालून बसली. आणि म्हणाली — खरं सांगा, ह्याचा काय उपयोग होतो का? तुमाला नेमकं काय पायजे?

तिनं इचारलं हुतं. कळतंय का तुमाला? तिनं इचारलं हुतं.

आक्कानं पण आडपडदा ठेवला न्हाई. 'बाई, ह्यो प्लॅस्टिकचा डबा माघारी न्या. आमची शेड बरी हाय. तुमच्या देशात माल घ्यायला जी तपासणी लागती, ती कशी करायची तेवढं शिकवा. माल आमच्या गटाच्या नावानं जाऊ दे. व्यापाऱ्याच्या खोक्यातनं नगं.'

बायका माना हलवत हुत्या. आणि सगळ्या माझ्याकडं बघत हुत्या.

मी काय केलं? असल्या संस्थांच्या फिल्मा मी मोबाईलवर बघितल्या हुत्या. त्यातल्या बायकांचा तो दाटलेला, हळू आवाज माझ्या गळ्यात तयारच हुता. तोच लावला. इंग्रजीत म्हटलं — ती म्हणती, ह्या यंत्रानं आमचं नशीब उजळलं. आमी सावलीत हुतो, आता उन्हात आलो. असलंच यंत्र गावोगाव मिळू द्या.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या वक्ताला मिरची न्हवती. तिनं आक्काचे दोन्ही हात धरले. आक्काला वाटलं, बाईला पटलं — ती पण रडली. दोघी हात धरून रडत्यात आणि मधी मी उभा. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, काय भारी आवाज लागला आज.

हीच ती कबुली. भ्यालो म्हणून खोटं बोललो असतो, तर तसं सांगिटलं असतं.

ते वाक्य आक्काच्या फोटोखाली छापून आलं, चकचकीत कागदावर. कुठल्याशा परदेशातल्या बैठकीत दाखवलं म्हणं. म्हंजे संस्थेनं कान दिला हुता, आणि तो मी भरला. म्होरच्या हंगामाला तसलेच ड्रायर शेजारच्या गावांत आले, पार साताऱ्याकडं माणदेशात गेले. आमच्या गटाला कौतुकानं आणखी एक. तपासणीचं कुणी नाव पण काढलं न्हाई. मागितली कुणी हुती? गटातल्या बायका एकेक करून व्यापाऱ्याच्या कोल्ड स्टोरेजवर बेदाणा निवडायला जाया लागल्या. बेदाणा आपलाच, खोकं दुसऱ्याचं, आणि हातात निस्ती रोजाची हजेरी.

आणि मी मांडवात गॉगल डोक्यावर चढवून सांगतोय — ही माणसं कुणाचंच ऐकत न्हाईत.

दुसरा ड्रायर टेम्पोतनं उतरला, त्या दिवशी आक्कानं मला बोलवून घेतलं. चुलीम्होरं बसून भाकरी थापत हुती. वर न बघताच म्हणाली, 'काय रं, मी त्या बाईला डबा माघारी न्या म्हटलं हुतं का न्हाई?'

'व्हय.'

'तू तेच सांगिटलंस?'

'तेच की.'

मग मात्र तिचा पट्टा सुटला. 'मग तुझं इंग्रजीच कच्चं, मुडद्या. साळंत निस्त्या माकडचेष्टा केल्यास. मास्तरचा आवाज काढायला येतो, मास्तरनं शिकिवल्यालं तेवढं येत न्हाई. तवा चार शब्द धड शिकला असतास तर ह्यो दुसरा डबा माझ्या दारात आला नसता. आणि त्या बाईला नावं ठेवत हिंडतोस व्हय रं मांडवातनं? तिची काय चूक? भुईवर बसली बिचारी माझ्याम्होरं. तिला कळलंच न्हाई, मी काय म्हटलं ते.'

एवढं बोलून तिनं ताटात भाकरी टाकली आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

मी जेवलो.