कोरड्या पावत्या

माझी पहिली नोकरी भर पावसात पाणी विकत घेणाऱ्या कंपनीत होती. आमच्या मुळशीत पाऊस काय कमी पडतो? पण कंपनीच्या बोअरचं पाणी क्षाराचं, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी लालभडक, त्यामुळे बारा महिने टँकर लागायचा. गाव हसायचं. मला हसायची सोय नव्हती, कारण तो टँकर माझ्या चुलत्यांचा होता आणि नोकरीही त्यांनीच लावली होती.

वडील गेले तेव्हा मी दहावीला होते. पुढची फी, एसटीचा पास, सगळं चुलत्यांनी केलं. बी.कॉम. झाल्यावर भावकी स्थळं घेऊन दारात बसली, तेव्हा चुलते ओसरीवरून ओरडले होते, "पोरगी हापिसात बसंल. कुनाला काय तरास हाय?" कुणाला नव्हता. पहिल्या दिवशी आमच्या भरे गावातून पिरंगुटच्या कंपनीपर्यंत त्यांनीच मला मोटारसायकलवर सोडलं. गेटपाशी म्हणाले, "कुनाला भ्यायचं न्हाई. डबा खाऊन घे." एवढ्यावरच माझे डोळे भरून आले होते.

अकाउंट्सला माझ्या वर एक मॅडम होत्या. कोथरूडहून बसने यायच्या, छत्री दाराला अडकवायच्या आणि पर्समधून स्टीलची पट्टी काढायच्या. बिल वाचताना ती पट्टी ओळीखाली धरायची, ओळ पटली की खाली सरकवायची. नाही पटली की पट्टी टेबलावर टक्कन वाजायची. त्या आवाजाने मी आपलं बिल पुन्हा पहिल्यापासून तपासायला घ्यायचे, आणि आज तोच आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी काय वाटेल ते देईन.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे पावतीला हात लावून बघायचं. कंपनीत काहीही आलं, खडी असो, पाणी असो, की गेटवर प्रत्येक खेपेची पावती फाडायचे. ती ड्रायव्हरच्या खिशात जायची आणि महिनाअखेरीला सगळ्या पावत्या बिलाला जोडून आमच्याकडे यायच्या.

"आधी आकडे बघू नकोस," मॅडम म्हणायच्या. "ही पावती कुठं कुठं राहून आली ते सांग."

मी काय सांगणार, कप्पाळ! मग त्याच दाखवायच्या. ही शर्टाच्या खिशात घडी होऊन आली. हिला ग्रीस लागलंय. ही पावसात भिजून वाळली म्हणून वेडीवाकडी झाली. रोजच्या रोज फाडलेल्या पावत्यांवर पेन बदलतं, गेटवरच्या माणसाचा मूड बदलतो, एखादा दिवस घाईत लिहिलेला असतो. एका बैठकीत लिहिलेल्या पावत्या मात्र शाळेत सराव केल्यासारख्या एकसारख्या दिसतात. त्या कोऱ्या, कडक असतात आणि त्यांना कशाचाच वास येत नाही.

घरी मी हे नक्कल करून सांगितलं. "बाई मला कागद हुंगायला लावतात!" सगळ्यात जास्त चुलते हसले. म्हणाले, "लई भारी नोकरी हाय की! हुंगायचा पगार देत्यात व्हय?"

भादव्याचं टँकरचं बिल माझ्यासमोर आलं तेव्हा मी बेसावधच होते. घरचंच बिल, काय बघायचं? पण सवयीने हात लावला. पाच-सहा पावत्या ओलसर, मऊ, शाई फुटलेल्या. मग सात-आठ कडक. पुन्हा ओल्या, पुन्हा कडक. त्या महिन्यात माझी ओढणीसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नव्हती आणि या पावत्या पापडासारख्या वाजत होत्या.

तरी मी मनाला समजावलं, असेल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या. मग तारखा बघितल्या. पोळ्याच्या दिवशी चार खेपा.

आमच्याकडे पोळा भादव्याच्या अवसेला. बैल विकल्यापासून बैलांचा मान ट्रॅक्टरला. आदल्या दिवशी त्याला धुवायचं, सकाळी फुगे-माळा बांधायच्या, बॉनेटवर पुरणपोळीचा घास ठेवायचा. त्या दिवशी आमच्या दारात चाक फिरत नाही. कुणी आजारी पडलं तरी दुसऱ्याची गाडी मागतात. आणि त्या ट्रॅक्टरला कुंकू लावायचा मान माझा, घरच्या लेकीचा. त्या पोळ्यालाही मीच लावलं होतं. टँकर ओढणारा ट्रॅक्टर दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर अंगणात उभा होता, आणि कागदावर तो चारदा कंपनीत जाऊन आला होता.

मॅडमना हे कधीच कळलं नसतं. कोथरूडला कुठं ट्रॅक्टरचा पोळा असतो? गप्प बसले असते तर बिल पास झालं असतं. आठ दिवस मी ते ड्रॉवरमध्ये दाबून ठेवलं. मॅडमनी विचारलं, "टँकरचं काय?" मी म्हणाले, "बघतेय." जेवण गोड लागेना.

शेवटी रविवारी गोठ्यात चुलत्यांना गाठलं.

"काका, पोळ्याला चार खेपा कशा झाल्या?"

ते वैरण कापत होते. हात थांबला नाही. "गेटवरचा सुपरवायजर लिवतो. निम्मं त्येचं, निम्मं आपलं. समदेच करत्यात."

"किती दिवस?"

"तुझ्या फीला काय झाडाचा पाला दिला व्हता?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, ओरडावं, की माझ्या फीच्या वेळी तुमचा टँकर या कंपनीत लागलासुद्धा नव्हता! पण ओरडता आलं नाही, कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ते घाबरलेले होते. माझ्या चुलत्यांना घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"तू न्हाई सांगितलंस तर कुनाला कळतंय?" ते म्हणाले.

सोमवारी मी पावत्या मॅडमपुढे ठेवल्या आणि पोळ्याचं सांगितलं. पट्टी वाजली नाही. त्यांनी विचारलं, "हे तुझे कोण?"

"चुलते."

"मग आता यात तू हात घालायचा नाहीस. पुढचं मी बघते." आणि आपल्या डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्याकडे सरकवलं. 

त्यांनी आरडाओरडा केला नाही. आठवडाभर कंपनीच्या टाकीची पातळी रोज मोजली, पाणी किती लागतं ते काढलं, मागची बिलं त्याच्याशी ताडून बघितली. सुपरवायझर गेला. जास्तीचे पैसे कापले आणि चुलत्यांचा टँकर बंद झाला. पोलिसात कुणी गेलं नाही, तेवढं मॅडमनी साहेबांकडून मिळवलं.

पुढच्या पोळ्याला मी ताट घेऊन अंगणात गेले. चुलते चुलतीला म्हणाले, "तू लाव." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी ताट तिच्या हातात दिलं आणि घरात जाऊन ढसाढसा रडले. मग लग्न झालं, मी पिरंगुटला आले. नऊ वर्षं चुलते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

ती कंपनी आता चाकणला गेली, शेडमध्ये कुणाचंतरी गोडाऊन आहे. मी हिंजवडीकडे एका कंपनीत हेच काम करते. माझ्या हाताखाली तीन मुली आहेत. त्यांच्याकडे पावत्या फोनवर फोटो होऊन येतात. फोटो काय हुंगणार? मॅडम निवृत्त होताना पट्टी मला देऊन गेल्या. मी ती ओळीखाली धरते, मुली एकमेकींकडे बघून हसतात, हसू देत.

गेल्या भादव्यात दुपारी बेल वाजली. दारात चुलते. तीन जिने चढून धाप लागलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. रस्त्याकडेच्या तुकड्यावर ते भाड्याच्या खोल्या बांधत होते, एवढं कानावर होतं. बसले, पाणी प्यायले आणि पिशवीतून मुरमाच्या खेपांच्या पावत्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.

"बघ बरं," म्हणाले. "ठेकेदार म्हनतोय चाळीस खेपा झाल्या. मला ह्या कोरड्या लागत्यात."

मी हात लावला. एकच पेन, एकच वळण, कडक कागद. पण मला पुढचं दिसेना, डोळ्यांत पाणी आलं होतं. नऊ वर्षं हा माणूस पावत्यांना हात लावून बघत होता.

"निम्म्या खोट्या आहेत, काका."

"वाटलंच मला." त्यांनी गठ्ठा पुन्हा पिशवीत घातला. मग उठले, चपला पायात सरकवल्या.

"उद्या पोळा हाय. ट्रॅक्टर धुतलाय. कुकू लावाया ये."

मी दारापर्यंत मागे गेले. विचारलं, "घ्यायला याल?"

"मी कसा येनार?" ते जिन्याकडे वळत म्हणाले. "उद्या आपल्यात चाक फिरतं व्हय?"