सतराव्या पानावरचा शिक्का

मुलांनो, चौक गावच्या एका बाईने मोबाइलवर पाठवलेला जुन्या वहीच्या पानाचा फोटो मी तुम्हाला दाखवला, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, याच्यावर युनिव्हर्सिटीचा शिक्का कसा?" तो शिक्का मी मारलाय. तेव्हाचं ग्रंथालयातलं दुसरं कोणी आता उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

नव्वदीची सुरुवात होती. आम्ही मीरा रोडला, हाटकेशला राहायला आलो होतो. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांना संदर्भ शोधून देत असे. किनाऱ्यावरच्या लग्नगीतांवर काम करणारी एक मुलगी आली, पण आमच्या कपाटांत तिच्यासाठी काहीच निघेना. म्हणून रविवारी बसने मी उत्तनजवळच्या चौक गावी गेले. तिथे मासे विकणाऱ्या एका आजींकडे त्यांच्या सासूच्या हातची गाण्यांची वही होती. त्याच सुमारास ग्रंथालयात जुन्या वह्या-पोथ्यांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी मी ती आठवडाभर मागितली.

"म्हयन्यानं नातीचं लग्न हाय," आजी म्हणाल्या. "गानी हिच्यातूनच गायची. न्हाय आनलीस तर तुझ्या दारात येऊन बसेन. मग गानी न्हाय, शिव्या ऐकशील!"

मी शब्द दिला.

प्रदर्शन संपल्यावर वही पिशवीत घातली. फाटकावर पिशव्या तपासत, पण वॉचमन हसून म्हणाला, "जाओ, मॅडम." घरी वही उघडली आणि सतराव्या पानावर जांभळा शिक्का दिसला. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर शिक्का मारायचा आमचा रिवाज होता. नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात ही वही मिसळली होती आणि माझा हात न बघता चालला होता.

शिक्का म्हणजे विद्यापीठाची मालकी. वही घरात ठेवली किंवा तशीच आजींना दिली, तरी मी चोर. परत ग्रंथालयात नेली तर ती तिकडेच जमा व्हायची.

"ब्लेडने खरवडून टाक," तुमचे आजोबा म्हणाले.

"पान फाटेल!"

"मग तुरुंगात डबा घेऊन येतो. भाजी कोणती आणू?"

मला हसू आलं नाही. तेवढ्यात बेल वाजली आणि मी वही तांदळाच्या डब्यात कोंबली. शेजारीण विरजण मागायला आली होती.

सकाळी मी वही ग्रंथपालांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. नोकरी गेली असंच धरून चालले होते. त्यांनी दाखल पुस्तकांचं रजिस्टर शेवटपर्यंत पाहिलं. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

"शिक्का आहे, पण दाखल नंबर पडलेला नाही, म्हणजे वही आपली झालेली नाही," ते म्हणाले. "बाई, वाचलात. आता काय झालं ते तुम्हीच लिहा."

मी शिक्क्याखाली लिहिलं, "चुकून मारला. वही चौकच्या मालकिणीच्या घरची आहे." घाईत अक्षर वेडंवाकडं उमटलं. खाली मी सही केली, त्यांनीही केली आणि गेटपास दिला.

चौकला आजींनी शिक्का पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे आता ही सरकारची झाली काय?"

आदल्या दिवशीची माझी भीती आता त्यांच्या डोळ्यांत होती. मी ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, वही पेटीत ठेवली आणि कुलूप घातलं.

"परत मागू नको हां, बाय."

मी मागितली नाही. संशोधन करणारी ती मुलगी पुढे त्यांच्या ओटीवर बसून गाणी उतरवून घेऊन गेली.

फोटो पाठवणारी बाई म्हणजे आजींची तीच नात. वही तिच्याकडे, चौकलाच आहे. सतराव्या पानावर शिक्का आहे, खाली माझं वेडंवाकडं वाक्य आणि दोन सह्या आहेत.